रेषेखालचा जिल्हा

जून १९७२ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळा उघडल्या तेव्हा आठवीच्या वर्गाचं नशीब वरच्या वर्गांपेक्षा वेगळं होतं. अकरावीला संपणारी जुनी एसएससी मोडीत काढून दहा अधिक दोन असा आकृतिबंध राज्याने स्वीकारला होता आणि त्याची पहिली तुकडी त्या जूनमध्ये आठवीत बसली. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीमुळे पाठ्यपुस्तकं आता सरकारी छापाची होती, आणि नव्या अभ्यासक्रमाबरोबर 'नव्या गणिता'चं वारंही वाहू लागलं होतं. नफा-तोटा, काळ-काम-वेग या ओळखीच्या मंडळींच्या पंगतीला महिरपी कंस येऊन बसला. संच, घटक, उपसंच, रिक्त संच, छेद, संयोग.

बीड जिल्ह्यात त्या जूनमध्ये लोकांचं लक्ष आभाळाकडे होतं. आधीच्या दोन वर्षांनी हात दिलाच नव्हता, तिसऱ्यानेही दिला नाही. आष्टी-पाटोद्याच्या माळरानापासून गेवराई-माजलगावच्या गंगथडीपर्यंत खरीप करपलं आणि रब्बीची पेरणी बऱ्याच ठिकाणी झालीच नाही. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणून मराठवाड्यातली म्हातारी माणसं आजही काळ मोजतात, तो हा.

वर्गात संच आणि बाहेर दुष्काळ, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं तेव्हा कोणाला वाटण्याचं कारण नव्हतं. आज मागे वळून पाहिलं तर संबंध होता, आणि चांगला घट्ट होता. त्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्राने कोण गरीब, कोणाला काम, कुठे अनुशेष, हे सगळं ठरवलं ते संच आणि रेषीय असमानतांच्या भाषेत. फक्त ते गणित शाळेच्या फळ्यावर आलं नाही.

संच ही कल्पना मुळात साधी आहे. ज्या वस्तूंबद्दल 'ही आत, ती बाहेर' असं निःसंदिग्धपणे सांगता येतं, त्यांचा समूह म्हणजे संच. 'बीड जिल्ह्यातले तालुके' हा संच आहे. 'बीड जिल्ह्यातले चांगले तालुके' हा नाही, कारण चांगलं कशाला म्हणायचं यावर परळी आणि केज यांचं एकमत व्हायचं नाही. संच लिहायच्या दोन पद्धती मुलांना शिकवतात. यादी पद्धतीत कंसात एकेक घटकाचं नाव लिहायचं. गुणधर्म पद्धतीत नावं न लिहिता अट लिहायची आणि ती जो पुरी करील तो आत. परीक्षेत यावर एक-दोन गुणांचा प्रश्न येतो आणि विषय संपतो. या दोन पद्धतींतल्या फरकावर माणसाची मजुरी अवलंबून असू शकते, हे पुढे येईलच.

ही कल्पना जर्मनीतल्या हाले विद्यापीठातल्या गेओर्ग कँटर यांची. १८७४ साली त्यांनी अनंत संचांचेही लहान-मोठे प्रकार असतात असं दाखवून गणितज्ञांची झोप उडवली. वर्तुळांच्या आकृत्या जॉन वेन यांनी १८८० साली रूढ केल्या. संयोग आणि छेद यांच्या पूरकांचे नियम ज्यांच्या नावाने शिकवले जातात ते ऑगस्टस डी मॉर्गन जन्माने मदुराईचे, वडील कंपनी सरकारच्या फौजेत होते. शाळेपर्यंत मात्र संच पोचले ते रशियाच्या स्पुटनिकमुळे. ऑक्टोबर १९५७ मध्ये तो उपग्रह आकाशात गेला आणि आपली मुलं गणितात मागे पडली म्हणून अमेरिका हादरली. पाठोपाठ अभ्यासक्रम बदलले. १९५९ साली फ्रान्समधल्या रोयोमाँ इथल्या परिषदेत झाँ द्यूदोने यांनी शाळेतून युक्लिडला रजा द्यायची भाषा केली. गंमत अशी की आपल्याकडे संच रुजत होते त्याच सुमारास, १९७३ साली, मॉरिस क्लाइन यांचं या नव्या गणितावर सडकून टीका करणारं पुस्तक अमेरिकेत आलं. तिकडे ओसरत चाललेली लाट आपल्या किनाऱ्याला लागत होती.

बीडच्या गणित शिक्षकाची अडचण आणखी वेगळी होती. बहात्तर साली जो चाळिशी-पंचेचाळिशीत होता त्याचं स्वतःचं वरच्या वर्गांचं शिक्षण बहुधा निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. मराठी शाळा होत्या, पण थोड्या. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेसारख्या, जिथे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, त्या संस्थांनी तो दिवा लावून ठेवला होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. बीड हैदराबाद राज्यात राहिलं, १९५६ च्या नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं. घटक तोच, बारा वर्षांत संच तीन. उर्दूत गणित शिकलेल्या माणसाने ते मराठीत शिकवायची सवय करून घेतली न घेतली तोच पुढ्यात संच आले. त्यातल्या अनेकांनी व्याख्या पाठ करून घेण्यावर भागवलं असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

दुष्काळ वाढत गेला तशी सरकारी कामं निघाली. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, आणि सगळ्यात ठळक आठवण राहिली ती खडी फोडण्याची. रस्त्याकडेला दगडांचे ढीग, हातोडी घेतलेल्या बायका-पुरुषांच्या रांगा, आणि मोजमाप ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ढीग दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद रचला तर उंची एक फूट भरली पाहिजे; चार बोटं कमी पडली की तेवढी मजुरी कमी. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. 'बहात्तरला पाणी होतं, धान्य नव्हतं,' असं जुनी माणसं सांगतात. अलीकडच्या दुष्काळांशी तुलना करून सांगतात, म्हणून ते वाक्य लक्षात राहतं.

याच काळात रोजगार हमी योजना आकाराला आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. योजना १९७२ ची, कायदा १९७७ चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. या कायद्याचं गणिती रूप असं: ग्रामीण भागात राहणारी, अठरा वर्षांवरची, अंगमेहनतीचं अकुशल काम करायला तयार असणारी व्यक्ती. बस, एवढंच. जात, जमीन, रेशनकार्ड काही नाही. शुद्ध गुणधर्म पद्धती. अट पुरी करणारा प्रत्येक जण आपोआप संचात, आणि त्याला पंधरा दिवसांत काम देण्याची जबाबदारी सरकारवर.

कामाच्या जागेवर मात्र मस्टर होतं. मस्टर म्हणजे यादी पद्धत. कायदा अट सांगतो, मस्टर नावं लिहितं, आणि दोन्ही संच सारखे असायला हवेत हे गृहीत धरलेलं. ते नेहमी सारखे नसत. मस्टरवर आहे पण कामावर नाही, तो बोगस मजूर. अट पुरी करतो पण मस्टरवर नाव नाही, तो गाव सोडून गेलेला किंवा कारकुनाने परत पाठवलेला. शाळेत ज्याला दोन संचांचा फरक म्हणतात तो इथे दोन्ही बाजूंनी निघतो: एका बाजूला भ्रष्टाचार, दुसऱ्या बाजूला उपासमार. रोजगार हमीवरच्या निम्म्याअधिक तक्रारी या दोन फरकांत बसतील.

आता असमानता. योजनेचा एक नियम होता की कामाच्या एकूण खर्चातला किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर गेला पाहिजे. सामान, यंत्रं, कुशल कारागीर यांना जास्तीत जास्त ४० टक्के. मजुरीला म आणि उरलेल्या खर्चाला स म्हणा. अट सरळ करून लिहिली तर २म ≥ ३स. ही दोन चलांतली रेषीय असमानता. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर स आणि उभ्या अक्षावर म घेतला तर २म = ३स ही आरंभबिंदूतून वर चढणारी सरळ रेषा मिळते. रेषेवरचं आणि तिच्या वरचं काम मंजूर, खालचं नामंजूर.

समजा दोन अंदाजपत्रकं आली, दोन्ही दहा हजारांची. पाझर तलावाला मजुरी ६,५०० आणि सामान ३,५००. दुप्पट मजुरी १३,०००, तिप्पट सामान १०,५००. अट पुरी झाली. फरशी पुलाला सिमेंट-लोखंड लागतं, म्हणून मजुरी ४,००० आणि सामान ६,०००. इकडे ८,०००, तिकडे १८,०००. पूल बाद. गावाला पुलाची गरज जास्त असेल, पावसाळ्यात मुलं ओढ्याअलीकडे अडकत असतील, पण तो बिंदू रेषेच्या खाली आहे. राज्यभर रोजगार हमीतून मातीकामं आणि खडीचे रस्ते इतके का झाले, याचं एक मोठं उत्तर या एका रेषेत आहे. त्यात आणखी एक अट: नवं काम काढायला किमान पन्नास मजूर हवेत. म्हणजे मंजूर कामांचा संच हा दोन असमानतांच्या उकलसंचांचा छेद. वाडी-तांड्यावर तीसच माणसं कामाला आली तर तलावाचं अंदाजपत्रक कितीही नेटकं असलं तरी काम या छेदाबाहेर पडणार.

एक रेषा त्याआधीच, १९७१ मध्ये, पुण्यात काढली गेली होती. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागतो हे त्यांनी काढलं: १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. ज्याचा खर्च यापेक्षा कमी तो दारिद्र्यरेषेखाली. त्या हिशेबाने देशातली ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली ५० टक्के माणसं रेषेखाली निघाली. एका चलातली, शाळकरी म्हणावी इतकी सोपी असमानता. पण तिने देशाच्या राजकारणाला पुढची पन्नास वर्षं पुरेल असा वाद दिला.

वादाला पहिलं तोंड फुटलं तेही पुण्यात. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ, जागतिक अन्न व कृषी संघटनेत मोठं काम करून परतलेले. त्यांचं म्हणणं असं की माणसाच्या शरीराची गरज रोज एकसारखी नसते. शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरणं चूक आहे. रेषा बरीच खाली हवी. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. दोघेही आकडेमोडीत पक्के होते. असमानतेच्या चिन्हाबद्दल वाद नव्हताच, वाद उजवीकडच्या संख्येचा होता. ती संख्या थोडी हलवली की कोट्यवधी माणसं एका संचातून दुसऱ्यात जातात, आणि हलवणाऱ्याला कोणाच्या ताटात काही वाढावं लागत नाही. या बाबतीत दांडेकरांची बाजू अधिक माणुसकीची वाटते. सुखात्म्यांचं शास्त्र मात्र नुसतं झटकून टाकता येत नाही.

रेषेतली संख्या महत्त्वाची, तशीच कोणती अट लिहायची राहून गेली हेही महत्त्वाचं. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये ३४९ कॅलरी आणि १०.४ ग्रॅम प्रथिनं असतात. तूरडाळीत ३३५ कॅलरी आणि २२.३ ग्रॅम प्रथिनं, असं भारतीय आहारतक्ते सांगतात. खडी फोडणाऱ्याला समजा ३,००० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. ज्वारीचे क्ष आणि डाळीचे य शतग्रॅम धरले तर दोन असमानता मिळतात: ३४९क्ष + ३३५य ≥ ३,००० आणि १०.४क्ष + २२.३य ≥ ६०. नऊशे ग्रॅम ज्वारी घेतली, डाळ शून्य, तरी दोन्ही अटी पुऱ्या होतात. प्रथिनं तर ९३ ग्रॅमच्या वर जातात. कागदावर डाळीची गरजच संपली. प्रत्यक्षात ज्वारीच्या प्रथिनात लायसिन फार कमी, ते डाळीतून यायला हवं. लायसिनची तिसरी असमानता लिहिली की उकलसंच आकसतो आणि भाकरीशेजारी वरण परत येतं. बीडच्या घरांत भाकरीबरोबर डाळ किंवा पिठलं असतं, ते ही असमानता न मांडताच ठरलेलं आहे.

अशा आहाराच्या गणितावर अमेरिकेत आधीच काम झालं होतं. १९४५ साली जॉर्ज स्टिगलर यांनी ७७ पदार्थ आणि ९ पोषणघटक घेऊन वर्षभराचा स्वस्तात स्वस्त आहार अंदाजाने काढला, ३९ डॉलर ९३ सेंटचा. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत आली, तेव्हा नऊ कारकुनांनी हातयंत्रांवर १२० मनुष्यदिवस खपून नेमकं उत्तर मिळवलं: ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिगलर चोवीस सेंटनी चुकले होते. असमानतांच्या अटी पाळून खर्च कमीत कमी ठेवायचा, या शास्त्राला रेषीय नियोजन म्हणतात. रशियात लिओनिद कँटोरोविच यांनी १९३९ मध्येच प्लायवूड कारखान्याच्या निमित्ताने ते मांडलं होतं.

कँटोरोविच आणि ट्यालिंग कूपमन्स यांना त्यासाठी नोबेल मिळालं ते १९७५ साली. डँट्झिग वगळले गेले, त्याची हळहळ आजही व्यक्त होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली तुकडी परीक्षेला बसली होती. बहात्तरला आठवीत गेलेली ती मुलं. त्यांच्या वयाच्या बीडमधल्या किती मुलांचा तो बाक रिकामा राहिला असेल, याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो: ऊसतोडीला जाणाऱ्यांचा लोंढा या दुष्काळानंतरच फुगत गेला.

ऊसतोडीचा हिशेब हीही एक असमानता आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मोजणी कोयत्यांची, माणसांची नाही. एकट्या बाईचा अर्धा कोयता. मुकादम दिवाळीच्या आधी उचल देतो. समजा उचल ६०,००० आणि तोडणीचा दर टनाला ३०० रुपये, तर ३००ट ≥ ६०,००० व्हायला टनांची संख्या किमान २०० हवी. दिवसाला दोन टन पडले तर शंभर दिवस नुसते उचल फेडण्यात गेले. आजारपण, बाळंतपण, मोडलेली गाडी यांनी ट कमी पडला की फरक बाकी म्हणून पुढच्या हंगामाच्या वहीत चढतो. ही असमानता बीडमधल्या कोयत्यावरच्या प्रत्येकाला तोंडी सोडवता येते, शाळेची पायरी न चढता.

१९८३ मध्ये सरकारने प्रादेशिक असमतोल मोजायला समिती नेमली आणि अध्यक्ष पुन्हा वि. म. दांडेकर. १९८४ च्या अहवालात त्यांनी वापरलेली पद्धत त्यांच्या १९७१ च्या रेषेची बहीण शोभेल अशी होती. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा प्रत्येक बाबीत राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट म्हणजे अनुशेष. जो वर, त्याचा अनुशेष शून्य. एकूण आकडा ३,१८६ कोटींच्या वर गेला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के.

मराठवाड्याच्या भुवया उंचावल्या त्या शेवटच्या आकड्याने. पुढारलेल्या पश्चिम महाराष्ट्राचा आणि कोकणाचा मिळून अनुशेष मराठवाड्याहून मोठा कसा? उत्तर संचात आहे. विभाग हा एक घटक धरला तर आत कुठे वर, कुठे खाली असलं तरी सगळं एकमेकांत वजा होतं. जिल्हा हा घटक धरला की वरच्या जिल्ह्याचं जास्तीचं खालच्याच्या कामी येत नाही, आणि रत्नागिरीची तूट पुण्याच्या सुबत्तेने झाकली जात नाही. असमानता तीच ठेवून फक्त घटक बदलले की उत्तर बदलतं. दांडेकरांनी जिल्हा निवडला, आणि त्याला तर्काचा भक्कम आधार होता. मराठवाड्याला जिल्ह्यापेक्षा विभाग हवा होता, आणि त्यालाही इतिहासाचा आधार होता: १९५६ आधी हे सगळे जिल्हे वेगळ्याच राज्यात, वेगळ्याच दारिद्र्यात वाढले होते.

त्याच १९८४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये नरेंद्र करमरकर यांनी रेषीय नियोजनाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले, आयआयटी मुंबईचे १९७८ चे पदवीधर. डँट्झिगची पद्धत उकलसंचाच्या कडेकडेने, एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जाते. करमरकरांची आतून वाट काढते. १९ नोव्हेंबर १९८४ ला न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. विमान कंपन्या आणि दूरध्वनी जाळ्यांच्या हजारो असमानता एकदम सोडवण्यासाठी ती पद्धत वापरात आली.

रोजगार हमीचं ६०:४० हे प्रमाण २००५ च्या केंद्रीय कायद्यातही कायम राहिलं. २०१७ साली आलेल्या नववीच्या गणित भाग १ मध्ये पहिलंच प्रकरण संचांचं आहे. रेषीय असमानता अकरावी-बारावीत येतात, तोवर बीडमधल्या बऱ्याच मुलांच्या हाती कोयता आलेला असतो. गणिताच्या शिक्षकांना एवढीच विनंती की नववीत छेद शिकवताना एक तास काढावा, फळ्यावर २म = ३स ही रेषा आखावी आणि ग्रामपंचायतीतून आपल्याच गावच्या कामांची अंदाजपत्रकं मागवून मुलांना ते बिंदू रेषेच्या कोणत्या बाजूला पडतात ते मांडायला सांगावं.